फवारणीचे लिटर मोजायचे की डासांची पैदास? पालिका आणि पर्यावरणपूरक कीड व्यवस्थापन

टिटवी (धागाकर्ती)

कुठल्याही पालिकेच्या कीटकनाशक विभागाचा वार्षिक अहवाल उघडून बघा. किती लिटर औषध फवारलं, किती गटारांवर फवारणी झाली, किती घरांत धूर सोडला, असेच आकडे बहुतेक ठिकाणी दिसतील. त्यानंतर डास कमी झाले का, उंदरांची किती बिळं कायमची बंद झाली, याचा रकानाच नसतो. ठेकेदाराचं बिल लिटरवर निघत असेल तर तो लिटर वाढवणारच. निविदेत आपण मागितलेलंच ते आहे.

आमच्या पालिकेने पुढच्या कंत्राटाच्या मसुद्यावर सूचना मागवल्या आहेत, म्हणून हा धागा काढते आहे. माझं म्हणणं एकच आहे: विषारी औषध कमी वापरायचं असेल तर नुसती औषधांची यादी बदलून भागणार नाही, पैसे कशासाठी द्यायचे ते बदलावं लागेल. रासायनिकाऐवजी 'जैविक' औषध आणलं आणि तेही दर मंगळवारी गरज असो-नसो मारलं, तर फार काही साधत नाही.

शेतीत ही गोष्ट जुनी आहे. १९५९ साली कॅलिफोर्नियातल्या चार कीटकशास्त्रज्ञांनी एकात्मिक कीड नियंत्रणाची मांडणी केली. कीड दिसली की मार, असं न करता आधी मोजायचं आणि नुकसान एका पातळीच्या वर जाणार असेल तरच औषधाला हात लावायचा. शेतकरी त्याला आर्थिक नुकसानीची पातळी म्हणतो. शहरात ही पातळी जागेनुसार आणि किडीनुसार वेगळी ठरेल. बागेतल्या झाडावर मावा पडला तर बहुतेक वेळा काहीच करायला नको, पाण्याचा जोरदार फवारा फार झाला. मावा खाणारे ढालकिडे येऊन उरलेलं काम करतात. शाळेच्या दाराशी गांधीलमाशीचं एकच पोळं असलं तरी ते त्याच दिवशी हलवायला हवं. रुग्णालयाच्या स्वयंपाकघरात एक उंदीर दिसला तरी पातळी ओलांडली. हे सगळं आधी कागदावर ठरलेलं असलं की ज्याचा आवाज मोठा त्याच्या गल्लीत फवारणी, हा प्रकार थांबतो.

सॅन फ्रान्सिस्कोने १९९६ साली शहराच्या मालकीच्या सगळ्या जागांसाठी असा नियम केला. तिथे मंजूर औषधांची यादी असते, धोक्यानुसार त्यांची वर्गवारी असते आणि फवारणीच्या तीन दिवस आधी फलक लावून तो नंतर चार दिवस ठेवावा लागतो. म्हणजे एवढं मोठं शहर हे करू शकतं.

तुमच्या पालिकेत काय चालतं, काय जमलं, काय जमलं नाही, ते लिहा. मसुद्यात काय घालावं हेही सुचवा.

---

आडवाट

टिटवी, लेख पटला. पण मी प्रभाग समितीवर काम केलं आहे, त्या अनुभवातून एक अडचण सांगतो. गल्लीत डेंग्यूचा एक रुग्ण निघाला की रात्री फोन सुरू होतात. लोकांना धुराची गाडी हवी असते. गाडी आली, घरघर झाली, धूर दिसला की पालिका काम करते आहे असं वाटतं. दोन माणसं येऊन टाक्यांची झाकणं बघून गेली, तर "काहीच केलं नाही" म्हणून तक्रार होते.

आणि ही भीती खोटी नाही. ज्यांच्या घरातलं मूल तापाने फणफणलं आहे त्यांना पातळी, मोजमाप असलं काही ऐकवून चालत नाही. त्या वेळी काय करायचं, याचं उत्तर तुमच्या मसुद्यात असायला हवं.

---

कीटकवेडा

आडवाट, मुद्दा अगदी महत्त्वाचा आहे. धुराबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण सगळा पैसा तिथेच जातो.

डेंग्यू पसरवणारा एडिस इजिप्ती डास दिवसा चावतो, विशेषतः सकाळी आणि संध्याकाळ होण्याआधी. बाकीचा वेळ तो घरातच बसतो: पलंगाखाली, कपाटामागे, लटकवलेल्या कपड्यांत. धुराची गाडी रस्त्यावरून जाते. धुरातले थेंब उडत्या डासाला लागले तरच तो मरतो. खिडक्या बंद करून लोक आत बसलेले असतील तर औषध डासापर्यंत पोचतच नाही. त्यातून जे डास मरतात ते फक्त प्रौढ. पाण्यातल्या अळ्या आणि कोष यांना त्याने काही होत नाही. उबदार हवेत अंड्यापासून डास व्हायला साधारण सात ते दहा दिवस लागतात, म्हणजे धूर सोडला त्याच दिवशी पाण्यात असलेली पिढी पुढच्या आठवड्यात उडायला लागते.

शिवाय बहुतेक ठिकाणी धुरात पायरेथ्रॉइड गटातलं औषध असतं आणि जगभरच्या एडिस डासांमध्ये या गटाला प्रतिकारक्षमता आलेली आहे. आपल्या भागातल्या डासांवर ते औषध चालतं का, याची चाचणी न करता वर्षानुवर्षं तेच घेणं म्हणजे पैसा हवेत सोडणं. तेच औषध वाहून ओढ्यात, तळ्यात गेलं तर मासे आणि पाण्यातले किडे मात्र नक्की मरतात.

जागतिक आरोग्य संघटना हवेतल्या फवारणीकडे साथीच्या काळातला तातडीचा उपाय म्हणून बघते. रोजचं वेळापत्रक म्हणून नाही. म्हणून आडवाट यांच्या प्रश्नाचं माझं उत्तर असं: रुग्ण सापडला की त्याच दिवशी त्याच्या आणि आसपासच्या घरांत आतून तपासणी, सगळी साठवणीची भांडी रिकामी करून घासणं, आणि डासांचं प्रमाण खरंच जास्त असेल तर घराच्या आत, खिडक्या-दारांचा विचार करून, प्रशिक्षित माणसाकडून फवारणी. गल्लीत फेरी मारून निघून जाणारी गाडी यात बसत नाही.

घासण्यावर मुद्दाम भर देतो. एडिसची अंडी पाण्याच्या पातळीच्या जरा वर, भांड्याच्या आतल्या कडेला चिकटलेली असतात आणि कोरडी राहूनही महिनोन् महिने जिवंत राहतात. नुसतं पाणी ओतून दिलं आणि पुन्हा भरलं की अळ्या तयार. आठवड्यातून एकदा भांडी रिकामी ठेवून कोरडा दिवस पाळा असं आपण सांगतो, पण भांडं आतून घासा हे सांगायचं राहून जातं.

---

जुना_मुकादम

मी फवारणीच्या खात्यात मुकादम होतो, आता निवृत्त आहे. कीटकवेडा यांनी लिहिलं ते आम्हाला कामावर दिसायचंच. त्याच इमारतीच्या त्याच गच्चीवर दर वर्षी अळ्या. कारण गच्चीचा उतार चुकलेला, पाणी निघून जायला जागा नाही. आम्ही दर आठवड्याला तिथे औषध टाकायचो. एकदा उतार नीट करून घेतला असता तर ते काम कायमचं संपलं असतं. पण उतार बांधकाम खात्याचा, औषध आमच्या खात्याचं. दोन खात्यांची फाइल एकत्र यायची नाही.

तसंच टाकीच्या झाकणाचं, संडासाच्या टाकीच्या वेंट पाइपाला जाळी बसवण्याचं. एक जाळी बसवायला किती वेळ लागतो? पण जाळी बसवल्याचं बिल निघत नाही, गटारात औषध मारल्याचं निघतं.

दुसरी गोष्ट माणसांची. पाठीवर पंप घेऊन फिरणाऱ्या माणसाच्या अंगावर सगळ्यात जास्त औषध जातं. मास्क मिळाला तर गाळणी बदललेली नसते, हातमोजे फाटके. कामाच्या कपड्यांतच घरी जायचं, तेच कपडे घरात धुवायचे. पर्यावरणाचं बोलताना या माणसांना विसरू नका. औषध कमी वापरलं तर पहिला फायदा त्यांचा.

---

आकडेमोड

मुकादमकाका, तुमचा प्रतिसाद मसुद्यात जसाच्या तसा जायला हवा.

माझा प्रश्न पुराव्याचा आहे. औषधाविना, लोकसहभागाने डेंग्यू कमी होतो असं सगळे म्हणतात. पण नीट तुलना करून, नियंत्रण गट ठेवून केलेला अभ्यास आहे का? पालिकेत कोणी विचारलं तर आपल्याकडे उत्तर हवं.

---

कीटकवेडा

आहे. निकारागुआतलं मनाग्वा आणि मेक्सिकोतलं गेरेरो राज्य इथे मोठी यादृच्छिक चाचणी झाली, २०१५ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये प्रसिद्ध झाली. काही वस्त्यांमध्ये लोकांनी स्वतः अळ्या शोधल्या, आपल्या वस्तीत नेमकी पैदास कुठे होते ते बघितलं आणि उपाय ठरवले. रसायन वापरलं नाही. बाकीच्या वस्त्यांत नेहमीचा सरकारी कार्यक्रम चालू होता. लोकसहभागाच्या वस्त्यांमधल्या मुलांत डेंग्यूचा संसर्ग २९.५ टक्क्यांनी कमी निघाला. रोग संपला असं नाही, पण नेहमीच्या कार्यक्रमाच्या वर हा फरक पडला.

दुसरी चाचणी इंडोनेशियातल्या योग्यकर्ता शहरातली, २०२१ साली प्रसिद्ध झालेली. तिथे वोल्बाकिया नावाचा जिवाणू असलेले एडिस डास सोडले. हा जिवाणू डासाच्या शरीरात असला की डेंग्यूचा विषाणू नीट वाढत नाही, आणि तो पुढच्या पिढ्यांत आपोआप पसरतो. त्या भागांत प्रयोगशाळेत सिद्ध झालेला डेंग्यू ७७ टक्क्यांनी आणि रुग्णालयात दाखल होण्याचं प्रमाण ८६ टक्क्यांनी कमी झालं. पण हे एकट्या पालिकेने उठून करायचं काम नाही, त्याला राष्ट्रीय पातळीवरची परवानगी आणि प्रयोगशाळा लागते.

अळ्यांसाठी पालिकेला आज वापरता येईल असा पर्याय म्हणजे बीटीआय. हा जिवाणू १९७६ साली नेगेव्हच्या वाळवंटात सापडला. त्याचं प्रथिन मुख्यतः डासांच्या आणि काळ्या माशीच्या अळ्यांच्या आतड्यात काम करतं, माणसाला, पक्ष्यांना, माशांना त्याचा थेट अपाय नाही. जर्मनीत ऱ्हाइन नदीच्या काठच्या गावांनी एकत्र येऊन उभारलेली डास नियंत्रण संस्था अनेक दशकं त्यावरच चालते आहे. मर्यादाही सांगतो. कोषांवर ते चालत नाही, कारण कोष खात नाही. घाण पाण्यात परिणाम लवकर उतरतो. आणि मोठ्या पाणथळीत सरसकट टाकलं तर न चावणाऱ्या चिलटांच्या अळ्याही मरतात. फ्रान्समधल्या कामार्ग पाणथळीत बीटीआय फवारलेल्या भागात घरटी करणाऱ्या पाकोळीसारख्या पक्ष्यांची पिल्लं कमी जगली, कारण खाद्य कमी झालं. म्हणून जैविक आहे म्हणजे कितीही टाका, असं नको. टिटवींचा मुद्दा इथेही लागू होतो.

आणि कृपया गप्पी-गंबुशिया मासे दिसेल त्या तळ्यात सोडू नका. गंबुशिया हा मूळचा उत्तर अमेरिकेतला मासा जगातल्या सर्वात घातक १०० आक्रमक प्रजातींच्या यादीत आहे. स्थानिक माशांची पिल्लं, बेडकांची डिंभकं तो खाऊन टाकतो. बंद हौद, कारंज्याचं कुंड ठीक. ओढ्याला जोडलेलं पाणी असेल तर नाही.

---

मधुबन

मी मधमाश्या पाळते, त्यामुळे माझी कळकळ पूर्वसूचनेबद्दल आहे.

ऑगस्ट २०१६ मध्ये अमेरिकेतल्या साउथ कॅरोलायना राज्यात डॉर्चेस्टर काउंटीने झिकाच्या भीतीने विमानातून नॅलेड हे औषध फवारलं. फवारणी सकाळी झाली, तेव्हा माश्या बाहेर पडलेल्या होत्या. एका मधुपालन केंद्रावर लाखो माश्या पेट्यांसमोर मरून पडल्या. पूर्वसूचना काही पाळणाऱ्यांपर्यंत पोचलीच नव्हती. फवारणी रात्री केली असती आणि आदल्या दिवशी निरोप मिळाला असता, तर पेट्या झाकता आल्या असत्या.

आमच्याकडेही फवारणीची गाडी कधी येणार ते कधीच कळत नाही. बागेतल्या फुललेल्या झाडांवर भर दुपारी औषध मारलं जातं. त्या झाडावर फक्त माझ्या माश्या नसतात, रानमाश्या, फुलपाखरं, ढालकिडे सगळेच असतात. किडी खाणारे किडे मेले की पिठ्या ढेकूण दुप्पट जोराने येतो आणि मग पुन्हा फवारणी. मसुद्यात एवढं तरी घाला: फुलोऱ्यावर फवारणी बंद, आणि फवारणीची तारीख, वेळ, औषधाचं नाव आधी जाहीर करणं सक्तीचं.

---

पिंगळा

डासांवर चांगली चर्चा झाली, उंदरांकडे वळतो. तिथली हानी कोणाच्या डोळ्यांसमोर येत नाही.

पालिका ज्या गोळ्या किंवा वड्या टाकतात त्यांत बरेचदा ब्रोमाडियोलोन किंवा ब्रोडिफॅकम असतं. ही दुसऱ्या पिढीची रक्त न गोठू देणारी विषं. एकदाच खाल्लं तरी पुरतं, पण उंदीर काही दिवसांनी मरतो. मधल्या काळात तो सुस्त होतो, उघड्यावर फिरतो, आणि नेमका तोच घुबडाच्या, घारीच्या, मुंगसाच्या, मांजराच्या तोंडी लागतो. विष यकृतात महिनोन् महिने राहतं आणि साठत जातं. म्हणजे उंदीर खाणाऱ्यांनाच आपण मारतो.

न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्क प्राणिसंग्रहालयातून सुटलेलं फ्लॅको नावाचं घुबड फेब्रुवारी २०२४ मध्ये मेलं. तपासणीत त्याला कबुतरांकडून आलेला विषाणूचा गंभीर आजार होता, आणि शरीरात चार वेगवेगळी उंदीरनाशकं सापडली. त्याच वर्षी तिथल्या नगर परिषदेने उंदरांना प्रजनन रोखणारं खाद्य देऊन बघण्याचा प्रायोगिक कायदा केला. कॅलिफोर्नियाने १ जानेवारी २०२१ पासून दुसऱ्या पिढीच्या या विषांच्या वापरावर मोठे निर्बंध आणले. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतानेही २०२३ मध्ये ते निर्बंध कायम केले.

उंदीर कमी करायचे तर त्यांचं अन्न आणि घर काढून घ्यायला हवं. मादीचा गरोदरपणाचा काळ साधारण तीन आठवड्यांचा, आणि एका वेतात सहा-आठ किंवा जास्तही पिल्लं. कचरा उघडा असेल तर मारलेल्यांची जागा भरायला वेळ लागत नाही. न्यूयॉर्कने एप्रिल २०२३ पासून कचऱ्याच्या पिशव्या रस्त्यावर ठेवण्याची वेळ दुपारी चारवरून रात्री आठवर नेली, आणि नोव्हेंबर २०२४ पासून लहान इमारतींना झाकणाचे डबे सक्तीचे केले. हा घनकचरा खात्याचा निर्णय आहे, पण कीड व्यवस्थापनाचा त्याच्याइतका परिणामकारक निर्णय मला दुसरा माहीत नाही.

---

आडवाट

पिंगळा, कचऱ्याचं मान्य. पण धान्याच्या गोदामाजवळ, रुग्णालयात, लेप्टोची (उंदरांच्या मूत्रातून पसरणाऱ्या तापाची) साथ असताना कचरा सुधारेपर्यंत थांबता येणार नाही. विष पूर्ण बंद करा असं लिहिलंत तर मसुदा पहिल्याच बैठकीत फेटाळला जाईल.

---

पिंगळा

पूर्ण बंद करा असं मी म्हणत नाही. आधी सापळे, मोठ्या प्रमाणात, उंदरांच्या वाटेवर, भिंतीला लागून. सोबत भोकं बुजवणं: मोठ्या जातीच्या उंदराच्या पिल्लाला साधारण १२ मिलिमीटर आणि घरातल्या छोट्या उंदराला ६ मिलिमीटरची फट पुरते, म्हणून नुसता कापूस-कागद कोंबून चालत नाही, धातूची जाळी आणि सिमेंट हवं. साथ असेल, सापळ्यांनी आटोक्यात येत नसेल, तर कुलूप असलेल्या पेटीत, ठरलेल्या मुदतीसाठी विष, आणि मेलेले उंदीर रोज गोळा करून नीट पुरणं. मुदत संपली की पेट्या उचलायच्या. बागेत, ओढ्याकाठी बारा महिने पेट्या ठेवून द्यायच्या नाहीत. एवढं तरी मान्य व्हायला हरकत नसावी.

---

आडवाट

मुदत आणि रोजची उचल लिहिलेली असेल तर मी स्वतः बैठकीत त्याच्या बाजूने बोलेन.

---

नवखी

मी इथे वाचनमात्र असते, पण विचारावंसं वाटलं. माझी मुलगी ज्या पालिका शाळेत जाते तिथे सुट्टीच्या दिवशी झुरळांसाठी सगळ्या वर्गांत फवारणी होते. दुसऱ्या दिवशी मुलं त्याच बाकांवर बसून डबा खातात. मुलीला दमा आहे. झुरळांनीही दमा वाढतो म्हणे, म्हणजे फवारणी नको म्हणायचीही भीती वाटते. काही मार्ग आहे का?

---

कीटकवेडा

नवखी, तुमची काळजी रास्त आहे आणि मार्ग आहे. झुरळांची विष्ठा आणि कातीचे कण यांनी दमा बळावतो, त्यामुळे झुरळं घालवायलाच हवीत. पण भिंतीवर, फरशीवर सरसकट फवारणी हा त्यातला कमकुवत उपाय आहे. फटींत बसलेल्या झुरळांपर्यंत ती पोचत नाही.

न्यूयॉर्कच्या सरकारी गृहसंकुलांत १३ इमारतींमधल्या २८० घरांचा अभ्यास झाला, २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. काही घरांत नेहमीची पद्धत, काही घरांत एकात्मिक पद्धत: नीट सफाई, पाइपांभोवतीच्या फटी बुजवणं आणि अगदी मोजकं, जागेवर लावलेलं औषध. एकात्मिक पद्धतीच्या घरांत झुरळं जास्त कमी झाली. तेव्हा मुख्याध्यापकांकडे मागणी अशी करा: चिकट सापळे लावून आधी झुरळं कुठे आहेत ते बघा. बहुतेक वेळा स्वयंपाकाची जागा, मोरी, नळाखालची ओल. तिथली गळती थांबवा, फटी बंद करा, आणि जेलचे बारीक ठिपके मुलांचा हात पोचणार नाही अशा फटीत लावा. वर्गात फवारणीची गरजच उरत नाही.

---

नवखी

मनापासून आभार. चिकट सापळ्यांचं कोणी सांगितलंच नव्हतं. पालक सभेत हे मांडते.

---

हिरवळ

मी उद्यानांबद्दल लिहितो. तणनाशकाचा प्रश्न पालिकेच्या दृष्टीने सोपा आहे, कारण पदपथावर उगवलेल्या गवताने कोणाला ताप येत नाही.

कॅनडातल्या क्युबेक प्रांतातलं हडसन हे छोटं गाव. त्याने १९९१ मध्ये केवळ दिसायला छान राहावं म्हणून हिरवळीवर औषधं मारायला बंदी केली. फवारणी कंपन्या न्यायालयात गेल्या. २००१ मध्ये कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने गावाची बाजू उचलून धरली. पुढे क्युबेकने आणि २००९ मध्ये ऑन्टॅरिओने प्रांतभर तसे नियम केले. फ्रान्सने २०१४ साली कायदा करून १ जानेवारी २०१७ पासून सरकारी आणि पालिकेच्या उद्यानांत, रस्त्यांवर रासायनिक औषधांवर बंदी आणली. स्मशानभूमी आणि बहुतेक क्रीडांगणं आधी वगळली होती, २०२२ मध्ये त्यांचाही समावेश झाला.

ग्लायफोसेटवर मतभेद आहेत, ते लपवू नयेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१५ मध्ये त्याला 'बहुधा कर्करोगकारक' गटात टाकलं, त्याच वर्षी युरोपच्या अन्न सुरक्षा संस्थेने तशी शक्यता कमी असल्याचं सांगितलं. पण उद्यानाच्या पायवाटेसाठी हा वाद सुटायची वाट बघायचं कारणच नाही. कडक गरम पाणी किंवा वाफ, झाडांच्या आळ्यात पालापाचोळ्याचं जाड आच्छादन, फरसबंदीच्या फटी नीट भरणं, आणि जिथे चालेल तिथे गवत वाढू देणं, एवढ्याने भागतं. मजूर जास्त लागतात, हे खरं. ते लागू देत. तो पैसा औषध कंपनीऐवजी माणसाच्या हातात जातो.

गाजरगवतासारखं आक्रमक तण मात्र वेगळं. ते फुलण्याआधी, ओल असताना, हातमोजे घालून मुळासकट उपटावं लागतं. त्याची पानं खाणारा मेक्सिकन भुंगा मदत करतो, पण सगळीकडे आणि सगळ्या हंगामात पुरा पडत नाही.

---

टिटवी

सगळ्यांचे आभार. आतापर्यंतच्या प्रतिसादांवरून मसुद्याचा गाभा असा लिहिला आहे, बघा.

कंत्राटाचं मोल लिटरवर नाही, तपासणी आणि दुरुस्तीवर. प्रत्येक प्रभागात ठरलेल्या घरांची नियमित तपासणी आणि त्यावरून ब्रेटो इंडेक्स, म्हणजे तपासलेल्या शंभर घरांमागे अळ्या सापडलेल्या भांड्यांची संख्या. बिळं बुजवणं, झाकणं आणि जाळ्या बसवणं यांचे स्वतंत्र दर, म्हणजे मुकादमकाकांनी सांगितलेली अडचण जाईल. ठरलेल्या वेळापत्रकाने फवारणी करायची नाही. पातळी ओलांडल्याची नोंद असेल तरच, आणि तेव्हाही आधी कोणता बिनविषारी उपाय केला ते लिहायचं. औषध मंजूर यादीतलंच. तीन दिवस आधी फलक आणि संदेश, फुलोऱ्यावर बंदी. साथीच्या काळात आरोग्य अधिकाऱ्याच्या लेखी आदेशाने पूर्वसूचनेची अट शिथिल, पण मधमाश्या पाळणाऱ्यांना निरोप तरीही द्यायचाच. उंदीरनाशक कुलूपबंद पेटीत आणि मुदतीने. शाळांत जेल आणि सापळे, वर्गात फवारणी नाही.

प्रत्येक कामाची नोंदवही: तारीख, जागा, कीड, किती सापडली, काय केलं, औषधाचं नाव आणि प्रमाण, नंतर पुन्हा मोजणी. ही नोंदवही पालिकेच्या संकेतस्थळावर सगळ्यांना दिसली पाहिजे.

आडवाट, रुग्ण सापडल्यावर चोवीस तासांत घरातून तपासणी हे कलम तुमच्यामुळे आलं. धुराच्या गाडीऐवजी दोन माणसं दारात आली तर त्यांनी अळ्या असलेलं भांडं घरच्यांनाच दाखवायचं, असंही त्यात घातलं आहे. अळ्या डोळ्यांनी बघितल्यावर लोकांची धुराची मागणी कमी होते, हे मी स्वतः अनुभवलं आहे.

---

आकडेमोड

एक मोठी फट राहिली. अळ्या मोजणारा आणि पैसे घेणारा एकच ठेकेदार असेल तर इंडेक्स कागदावर छान खाली येईल. मोजणी दुसऱ्याकडून हवी: पालिकेचा स्वतःचा कीटकशास्त्रज्ञ, किंवा जवळचं महाविद्यालय. अंडी घालायला लावलेले सापळे, ज्यांना ओव्हिट्रॅप म्हणतात, ते ठरलेल्या जागी ठेवून त्यातली अंडी दर आठवड्याला मोजली तर ठेकेदाराच्या आकड्यांशी ताडून बघता येईल. हे सापळे स्वस्तात तयार होतात, काळा डबा आणि खरबरीत पट्टी. पण दर आठवड्याला पट्टी बदलणं सक्तीचं करा, नाहीतर तेच सापळे डासांची पैदास करतील.

आणि पहिल्या वर्षी इंडेक्सवर दंड लावू नका. नीट शोधायला लागलं की अळ्या जास्त सापडतात आणि आकडा वर जातो. त्या वर्षी दंड लावलात तर शोधणंच बंद होईल. दंड खोट्या नोंदीसाठी ठेवा.

---

टिटवी

दोन्ही घेते. मोजणीचं काम वेगळ्या करारात टाकते. पहिल्या वर्षीचा मुद्दा माझ्या डोक्यात आलाच नसता.

---

जुना_मुकादम

कामगारांचं कलम अजून आलेलं नाही, म्हणून लिहितो. मोजणी, अळ्या ओळखणं, फटी शोधणं हे नवं काम जुन्याच माणसांकडून करून घ्या, त्यांना कामाच्या वेळेत प्रशिक्षण द्या. गल्ली त्यांना पाठ असते, कोणाच्या गच्चीवर काय पडलंय ते त्यांना ठाऊक असतं. फवारणी कमी झाली म्हणून त्यांना कमी करायचं नाही, हे कंत्राटात स्पष्ट हवं. मास्कच्या गाळण्या ठरल्या तारखेला बदलायच्या, कपडे धुवायची सोय कामाच्या ठिकाणीच. आणि जे ऑर्गॅनोफॉस्फेट औषधं हाताळतात, म्हणजे मॅलेथिऑन, टेमिफॉस वगैरे, त्यांची कोलिनेस्टरेजची (ही औषधं शरीरातलं जे विकर बंद पाडतात त्याची) रक्ततपासणी काम सुरू होण्याआधी एकदा आणि मग हंगामात ठरावीक काळाने. पहिली तपासणी नसेल तर नंतरची कशाशी ताडणार? तिचा खर्च ठेकेदाराने द्यायचा आणि अहवालाची प्रत कामगाराच्या हातात द्यायची.